आईच्या हयातीपुरते

माझ्या अवयवदानाच्या फॉर्मवर आईने साक्षीदार म्हणून जी सही केली, ती तिने पोळ्या लाटता लाटता केली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये साताऱ्यातल्या आमच्या शाळेत अवयवदानाचे शिबिर झाले होते. मी तेव्हा तिथे मराठी शिकवत होते, आणि व्याख्यान ऐकून इतकी भारावून गेले की त्याच दुपारी फॉर्म घेऊन आले. त्यावर दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक तरी जवळचा नातेवाईक असावा लागतो. माझे लग्न झालेले नाही, वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती, घरात आई आणि मी. ‘आई, इथे सही कर,’ मी म्हटले. तिने हाताचे पीठ पदराला पुसले, चष्मा न शोधताच मी बोट ठेवले होते तिथे सही केली आणि तवा तापला होता म्हणून पुन्हा ओट्याकडे वळली. कागदाच्या कोपऱ्यावर पिठाचे बोट उमटले होते, ते मी फुंकर मारून उडवले.

त्या फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरांत काही टिपा आहेत. अवयवदान हा कुटुंबाचा निर्णय असतो, म्हणून आपल्या माणसांशी त्याविषयी बोला, असे पहिली टीप सांगते. संमती देणाऱ्याला ती मागे घेण्याचा पर्याय आहे, असे शेवटची सांगते. मी त्या दिवशी दोन्ही वाचल्या नाहीत. सहा वर्षांनी मला शेवटच्या टिपेचा आधार घ्यावा लागला, आणि तो पहिली टीप मी पाळली नव्हती म्हणूनच घ्यावा लागला.

मी माझी संमती मागे घेतली, हे मी आजवर चार-पाच माणसांनाच सांगितले आहे. हे वाचून कोणी अवयवदानाला नकार देऊ लागेल, ही धास्ती मला लिहू देत नव्हती. ती अजूनही आहे. तरीही लिहिते आहे, कारण ‘हो’ म्हणणाऱ्यांविषयी आपल्याकडे खूप लिहिले जाते, ‘नाही’ म्हणणाऱ्यांना अडाणी किंवा अंधश्रद्ध ठरवले जाते, आणि एकदा ‘हो’ म्हणून मग विचारपूर्वक ‘नाही’ म्हणणारे माणूस कसे असते, याविषयी कुणी बोलतच नाही.

दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. २०१९ च्या डिसेंबरमध्ये पुण्यात रात्री स्कूटरवरून घरी येताना त्याला अपघात झाला. डोक्यावर हेल्मेट होते, पण पट्टा लावलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला घेऊन पोहोचले तेव्हा तो अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी वहिनीला आणि मला बाजूच्या खोलीत बोलावले आणि आता तपासण्या करून खात्री करावी लागेल असे सांगितले. मेंदूस्तंभ, म्हणजे श्वास चालवणारा मेंदूचा तळाचा भाग, कायमचा निकामी झाल्याची ही खात्री, हे मला शिबिरातल्या व्याख्यानामुळे लगेच कळले.

त्या तपासण्या मी नंतर नीट समजून घेतल्या, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात कसलाही संशय नाही. चार डॉक्टरांचे मंडळ असते आणि त्यांच्यापैकी कोणीही प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतले असत नाही. डोळ्यांवर प्रकाश टाकून बाहुल्या लहान होतात का ते पाहतात, कापसाच्या टोकाने बुबुळाला स्पर्श करतात, कानात गार पाणी सोडतात, घशातली नळी हलवून खोकला येतो का ते पाहतात. शेवटी व्हेंटिलेटर काढून, प्राणवायू मात्र चालू ठेवून, छाती आपणहून उचलते का याची काही मिनिटे वाट पाहतात. हे सगळे निदान सहा तासांच्या अंतराने पुन्हा एकदा करतात. दादाची पहिली तपासणी रात्री साडेदहाला झाली, दुसरी पहाटे पाचच्या सुमारास. दुसरी तपासणी संपली ती वेळ मृत्यूची वेळ म्हणून कागदावर आली.

मग रुग्णालयाच्या अवयवदान समन्वयक बाई आल्या. त्या हळू आवाजात, नीट बोलल्या. आपल्या कायद्यात २०११ साली झालेल्या दुरुस्तीनुसार असा मृत्यू झाल्यावर नातेवाइकांना अवयवदानाविषयी विचारणे हे रुग्णालयाचे कर्तव्यच आहे. वहिनीने माझ्याकडे पाहिले. दादाने याविषयी कधी काही बोलल्याचे मला आठवत नव्हते, तरी मी म्हणाले, ‘दादाला हे आवडलं असतं.’ वहिनीने आईला विचारले. आई म्हणाली, ‘तुम्ही ठरवाल ते.’ वहिनीने सही केली.

त्यानंतरचा वेळ शिबिरातल्या व्याख्यानात नव्हता. अपघात असल्यामुळे पोलिसांचे कागद होते, शवविच्छेदनाची व्यवस्था होती, कुठल्या रुग्णालयात कोणाला काय जुळते हे ठरायचे होते, चमू यायचे होते. सकाळपासून रात्रीपर्यंत आम्ही थांबलो. तो सगळा वेळ दादा पलंगावर तसाच होता, मॉनिटरवर नाडी चालू, छाती यंत्राच्या तालावर वर-खाली. आई त्याच्या उशाशी स्टुलावर बसली होती आणि तिने त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. दादाच्या अंगठ्याच्या नखाखाली ग्रीसची काळी रेघ होती. सायकलची साखळी असो की घरातला पंखा, तो सगळे स्वतः उघडून बसायचा, आणि ती रेघ शाळेत असल्यापासून कधी गेली नव्हती. आई आपल्या नखाने ती रेघ काढत होती. मधेच ती म्हणाली, ‘हात गरम आहे गं याचा.’

मी तिला समजावून सांगितले. हृदयाला स्वतःची लय असते, त्याला धडधडायला मेंदूचा हुकूम लागत नाही, यंत्र प्राणवायू देत राहील तोवर ते काही काळ चालते, रक्त फिरते म्हणून हात गरम लागतो, पण तो आता परत यायचा नाही. यातला शब्द न् शब्द खरा होता. आईने मान हलवली आणि हात सोडला नाही. रात्री नऊला त्याला शस्त्रक्रियेसाठी नेले तेव्हा पलंगाबरोबर ती दरवाजापर्यंत चालत गेली. तिथे परिचारिकेने तिची बोटे सोडवली.

दादाची दोन्ही मूत्रपिंडे, यकृत आणि डोळे दिले गेले. एक मूत्रपिंड त्याच रुग्णालयातल्या रुग्णाला मिळाले, दुसरे आणि यकृत शहरातल्या दुसऱ्या दोन रुग्णालयांत गेले. नावे सांगत नाहीत आणि ते योग्यच आहे. ते चुकले असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. वहिनीलाही वाटत नाही.

पुढच्या वर्षी श्राद्धाची वेळ आली तेव्हा आईने विचारले, तिथी कुठली धरायची? कागदावर पहाटेची वेळ होती, म्हणून मी ती सांगितली. गुरुजींनीही तीच धरायला सांगितली. आई काही बोलली नाही, श्राद्ध त्याच तिथीला झाले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा देवघराबाहेर पान वाढून ठेवले, कारण तिच्या हातातून तो हात सुटला होता ती रात्र सप्तमीची होती. ती आजही दोन दिवस पान वाढते. पहिल्या दिवशी माझ्यासाठी आणि वहिनीसाठी, असे मला वाटते, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी.

२०२२ साली बँकेची एक पावती शोधताना आईच्या हाताला माझ्या पर्समधले डोनर कार्ड लागले. ती कार्ड घेऊन बाहेर आली आणि समोर बसली. ‘यावर माझी सही आहे का?’ तिने विचारले. कार्डावर नव्हती, फॉर्मवर होती, तसे मी सांगितले. तिला ती सही आठवतच नव्हती. मग ती जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत लिहिते. ‘तुझं काही झालं, तर मला विचारायला येतील. तुझी इच्छा आहे हे ठाऊक असताना मी नाही म्हणायची नाही. आणि हो म्हणून पुन्हा तसं बसायचं माझ्यात त्राण नाही.’

मी वाद घातला, हे मला नमूद केले पाहिजे. मी तिला सांगितले की अवयव देता येतील असा मृत्यू फारच थोड्यांच्या वाट्याला येतो. माणूस रुग्णालयात, व्हेंटिलेटरवर असतानाच मेंदूस्तंभ निकामी व्हावा लागतो, आणि बहुतेक माणसांचे मरण तसे नसते. एवढ्या मोठ्या देशात असे दाते एका वर्षात हजाराच्या वर गेले ते पुढे २०२३ साली पहिल्यांदा, म्हणजे आम्ही बोललो त्या वर्षीपर्यंत हजारही नव्हते. मी हेही म्हणाले की ती एकोणऐंशी वर्षांची आहे आणि मी सत्तावन्नची, तेव्हा असे काही होईलच कशाला. आई म्हणाली, ‘दादाच्या आधीही मीच जाणार होते.’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. थोड्या वेळाने ती आणखी एक वाक्य बोलली. ‘तू त्या दिवशी समजावलंस ते मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं म्हणून मी हात धरला नव्हता.’

इतकी वर्षे मी समजत होते की अवयवदानाला लोक नाही म्हणतात ते न कळल्यामुळे, आणि कळले की हो म्हणतील. माझ्या आईला सगळे कळले होते. तिने एकदा मुलगा दिला होता, कुरकूर न करता दिला होता. तिला भीती देण्याची नव्हती. गरम हात धरून बसण्याच्या त्या तेरा-चौदा तासांची होती, आणि तेही या वेळी एकटीने, कारण माझ्या बाबतीत सही करणारी वहिनी नाही, तीच आहे.

शिबिरांत दधीची ऋषींची गोष्ट हमखास सांगतात. वृत्रासुराला मारण्यासाठी देवांना वज्र हवे होते आणि ऋषींनी त्यासाठी आपल्या अस्थी दिल्या. आमच्या शाळेतही ती सांगितली गेली, आणि मीही वर्गात कितीदा तरी सांगितली आहे. पण पुराणांत या गोष्टीचा पुढचा भाग आहे. ऋषींची पत्नी सुवर्चा त्या वेळी तिथे नव्हती. ती परत आली, घडले ते तिला कळले आणि तिने देवांना शाप दिला. पुढे पिप्पलाद हा त्यांचा मुलगा पिंपळाखाली जन्मला, असे कथा सांगते. दधीचींनी दिले ते त्यांचेच होते, यात शंका नाही, पण तिला कोणी विचारले नव्हते. आईशी बोलणे झाल्यावर पहिल्यांदा मला सुवर्चेचा राग समजला, आणि मी ज्या घाईने आईपुढे फॉर्म धरला त्या घाईची मला लाज वाटली.

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा आपला कायदा १९९४ चा आहे. तो करावा असे ठराव ज्या राज्यांच्या विधिमंडळांनी केले त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते, आणि १९९५ च्या फेब्रुवारीत तो या राज्यांत आधी लागू झाला. मी तो वाचून काढला. त्यात संमतीचे कलम असे आहे की दोन साक्षीदारांसमोर लेखी संमती दिलेल्या माणसाच्या मृत्यूनंतर अवयव काढू द्यावेत, मात्र त्याने ती नंतर रद्द केली होती असे मानायला काही कारण असेल तर नाही. द्यायला लेखी कागद आणि दोन साक्षीदार सांगितले आहेत, रद्द करायला कागद नाही, साक्षीदार नाही, नुसते घरातल्या माणसाला सांगितले असले तरी ते कारण पुरेसे ठरावे असे ते वाक्य आहे. मला हे वाक्य फार माणुसकीचे वाटते. ज्यांनी ते लिहिले त्यांना, दिलेला शब्द माणसाला परत घेता आला पाहिजे आणि तोही सहज घेता आला पाहिजे, याची जाण होती. शिबिरांत फॉर्म किती भरले गेले याचा आकडा माइकवरून जाहीर करतात, त्याच माइकवरून हेही सांगितले पाहिजे असे माझे ठाम मत आहे. परत फिरण्याची वाट दिसत असली की माणूस आत यायला कमी घाबरतो.

मी पत्र लिहिले. ज्या संस्थेकडे फॉर्म दिला होता तिला, फॉर्मचा क्रमांक घालून, तीन ओळींचे. त्यात मी लिहिले होते की माझी संमती मी आईच्या हयातीपुरती मागे घेत आहे. चार दिवसांनी तिथल्या एका तरुणाचा फोन आला. त्याने कारण विचारले नाही, मन वळवण्याचा प्रयत्नही केला नाही. तो एवढेच म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडे हयातीपुरतं असं नोंदवता येत नाही. आहे किंवा नाही, एवढंच.’ मी काही क्षण थांबले. मग म्हणाले, ‘नाही लिहा.’ तो म्हणाला, ‘कार्ड फाडून टाका आणि घरी सांगा.’ कार्ड मी फाडले. प्लास्टिकचे आवरण होते म्हणून ते हाताने फाटेना, कात्री आणावी लागली.

हा निर्णय घेताना एका माणसाचा चेहरा सतत माझ्यासमोर होता. शाळेतली माझी एक सहकारी गेली पाच वर्षे डायलिसिसवर आहे. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास. मूत्रपिंडासाठी तिचे नाव यादीत आहे. तिच्या डाव्या हातात फिस्टुला केलेला आहे, म्हणजे रोहिणी आणि नीला जोडून तिथली शीर मोठी केली आहे, सुई टोचता यावी म्हणून. एकदा तिने माझी बोटे त्या जागेवर ठेवली होती. आत भुंगा अडकला असावा तसे ते सारखे थरथरते. तिला न सांगता हे करणे मला शक्य नव्हते, म्हणून मी तिच्या घरी गेले आणि सगळे सांगितले. तिने छोट्या स्टीलच्या पेल्यातून मोजून घोटभर पाणी घेतले, कारण दिवसभराचे पाणी तिला मोजूनच घ्यावे लागते, आणि म्हणाली, ‘मला वाईट वाटलं. तुझा राग नाही आला, पण वाईट वाटलं.’ मग आम्ही शाळेविषयी बोललो. माझे मूत्रपिंड तिला मिळण्याची शक्यता नगण्य होती हे आम्हा दोघींनाही ठाऊक होते. शक्यतेच्या त्या हिशेबामागे मी तिच्यापुढे लपले नाही, आणि इथेही लपणार नाही. माझ्या ‘नाही’ची किंमत कोणीतरी मोजू शकते, आणि ते माणूस मला कधीच दिसणार नाही. आईचा चेहरा मला रोज दिसतो. दिसणाऱ्या माणसाला मी वर ठेवले. हे बरोबर आहे असे सिद्ध करता येणार नाही, पण मी ते जाणूनबुजून केले आहे.

दादाचा मुलगा इंग्लंडमध्ये नोकरी करतो. तिथे २० मे २०२० पासून कायदा असा आहे की प्रौढ माणसाने नकार नोंदवलेला नसेल तर त्याची संमती आहे असे धरले जाते. मी त्याला माझ्या पत्राविषयी सांगितले तेव्हा तो म्हणाला की तिथेही शेवटी घरच्यांशी बोलल्याशिवाय पुढे जात नाहीत, आणि तिथल्या नोंदवहीत ‘हो’सारखीच ‘नाही’चीही नोंद करता येते. मग थोडे थांबून म्हणाला, ‘आत्या, मी हो ठेवलंय. पण आईला फोन करून सांगितलं, आणि ती रडली तेव्हा फोन ठेवला नाही.’ माझ्या भाच्याने अठ्ठाविसाव्या वर्षी जे केले ते मला एक्कावन्नाव्या वर्षी सुचले नव्हते.

पत्र पाठवले त्या रात्री मी आईला ते वाचून दाखवले होते. तिने ऐकले आणि विचारले, ‘यात डोळेही गेले का?’ मी हो म्हटले. ती म्हणाली, ‘डोळे राहू देत. ते गार झाल्यावरच नेतात ना?’ तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. नेत्रदानासाठी व्हेंटिलेटर लागत नाही, रुग्णालयही लागत नाही. हृदय थांबून माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे लोक घरी येतात आणि वीस-पंचवीस मिनिटांत काम होते. तोवर पंखा बंद ठेवायचा, पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या आणि डोक्याखाली उशी द्यायची. म्हणून मी नेत्रदानाचा फॉर्म वेगळा भरला. या वेळी आईने चष्मा लावला, ओळ न् ओळ वाचली आणि मग साक्षीदाराच्या जागी सही केली.

गेल्या दिवाळीनंतर तिने तसाच एक फॉर्म स्वतःसाठी मागितला. तिच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले आहे, म्हणून असल्या डोळ्यांचा कोणाला काय उपयोग, अशी तिला शंका होती. मोतीबिंदू भिंगाला होतो आणि घेतात ते पुढचे पारदर्शक बुबुळ, ते चांगले असले की झाले, असे मी सांगितल्यावर ती समाधान पावली. तिची अक्षरे आता थरथरतात, नाव लिहायला तिला बराच वेळ लागला. मग तिने फॉर्म माझ्याकडे सरकवला. जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात मला सही करायची होती. मी पेन उचलले तेव्हा तिने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि विचारले, ‘माझ्या वेळी कापूस ठेवायचं वगैरे तुला जमेल ना? नसेल जमणार तर आत्ताच सांग, आपण फॉर्म देणार नाही.’

मी लगेच उत्तर दिले नाही. पेन खाली ठेवून मी स्वतःला ते सगळे करताना पाहून घेतले: पंखा, पापण्या, उशी, फोन. ती वाट पाहत होती, तिला घाई नव्हती. ‘जमेल,’ मी म्हटले, आणि सही केली.